मंडळाच्या नावानं

त्रिशला मगदूमला सकाळी चहाआधी अहवाल लागायचे. कुणाला तपकीर लागते, कुणाला पेपर लागतो, तसंच हे. नवरा म्हणायचा, अगं रात्रीतून काय आभाळ कोसळणार आहे? पण आभाळ बऱ्याचदा रात्रीतूनच कोसळतं, आणि ज्याच्या डोक्यावर कोसळतं त्याला ते सगळ्यांत शेवटी कळतं, असं तिचं मत होतं.

श्रावणातल्या त्या सकाळी अहवालात पुन्हा ते अनोळखी ठिकाण आलं होतं. मिरजेच्या रक्तमित्र मंडळाच्या नावानं कुणीतरी आदल्या दिवशी चार पत्रं पाठवली होती, आणि ती मंडळानं पाठवलेली नव्हती.

हे प्रकरण समजायचं तर थोडं मागं जायला हवं. गेल्या दहा-बारा वर्षांत यंत्रं इतकी हुबेहूब लिहायला, बोलायला, हसायला शिकली की खऱ्या माणसांची पंचाईत झाली. मुलाच्या आवाजात आईला फोन यायचे, गेलेल्या काकांचा व्हिडिओ कॉल यायचा आणि काका चक्क पैसे मागायचे. लोकांनी शेवटी फोन उचलणंच सोडलं. मग घरोघरी राखण्या आला. त्याचं सरकारी नाव मोठं लांबलचक आहे, पण आपल्याकडं शेतावर पाखरं हाकायला राखण्या बसतो, म्हणून लोक यालाही राखण्याच म्हणू लागले. प्रत्येकाच्या फोनमध्ये बसलेला हा एक प्रोग्राम. तो आवाजावर विश्वास ठेवत नाही, चेहऱ्यावर ठेवत नाही, गोड बोलण्यावर तर मुळीच नाही. तो मानतो फक्त ईमेलला, आणि तेही पाठवणाऱ्याचं डोमेन, म्हणजे पत्त्यातलं संस्थेचं नाव, खरं निघालं तर.

खरं-खोटं तो दोन गोष्टींवरून ठरवतो. प्रत्येक संस्था आपल्या डोमेनच्या पाटीवर जाहीर करून ठेवते, की आमची पत्रं अमुक अमुक ठिकाणांहूनच निघतात. पत्र भलतीकडून आलं की संशय. दुसरी गोष्ट म्हणजे मोहोर. पत्र निघताना त्याच्यावर गणिताची एक मोहोर उठते. वाटेत कुणी मजकुरात एक अक्षर बदललं तरी ती फुटते, आणि ज्याच्याकडं गुप्त किल्ली नाही त्याला ती उठवताच येत नाही. ठिकाण आणि मोहोर, यांतलं एक तरी बरोबर हवं आणि ते वर लिहिलेल्या नावाशी जुळायला हवं. दोन्ही चुकलं तर पत्राचं काय करायचं, हे ज्याचं नाव आहे त्यानंच पाटीवर लिहून ठेवायचं असतं. जाऊ दे, बाजूला ठेव, किंवा परत लाव, अशा तीनच आज्ञा. आणि रोज प्रत्येक राखण्या त्या नावाच्या मालकाला अहवाल पाठवतो, की तुमच्या नावानं काल कुठून किती पत्रं आली, मोहोर धड होती का, मी त्यांचं काय केलं. पत्रात काय लिहिलं होतं ते मात्र तो सांगत नाही. अहवालात पाकीट दिसतं, आतला कागद दिसत नाही.

आता मंडळाविषयी. बॉम्बे गट म्हणून एक रक्तगट आहे. साध्या तपासणीत तो ‘ओ’सारखाच दिसतो आणि तिथंच घोळ होतो. अशा माणसाला ‘ओ’ रक्त चढवलं तर शरीर ते परकं समजून त्याचा नाश करायला निघतं, आणि त्यात माणूसच जातो. त्याला चालतं फक्त त्याच्याच गटाचं रक्त. असे लोक दहा हजारांत एखादा. त्या एखाद्याला हुडकून, नोंदवून, नड पडली की बोलवायचं, हे मंडळाचं काम. मोहोर असलेलं मंडळाचं पत्र गेलं की रक्तदात्याचा राखण्या स्वतःच कामावरून सुट्टी मांडायचा, गाडी सांगायचा, आणि माणूस दोन तासांत दवाखान्यात हजर व्हायचा.

त्रिशला मंडळाची कार्यवाह होती आणि स्वतः त्याच गटाची होती. तिची धाकटी बहीण सुव्रताही त्याच गटाची. सुव्रता आठव्या महिन्यात होती. वार गर्भाशयाच्या तोंडाशीच होती, सिझेरियन करताना रक्तस्राव होणार हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तीन आठवड्यांनंतरची तारीख ठरली होती आणि तिच्यासाठी दोन माणसं राखीव होती. एक त्रिशला, दुसरा इचलकरंजीचा यंत्रमाग-मेकॅनिक रफीक जमादार. आसपास सशक्त आणि मोकळं असं तिसरं कुणी नव्हतं. या तीन आठवड्यांत कुणी खोटंच पत्र धाडून रफीकला भलतीकडं नेलं, त्याचं रक्त काढून घेतलं, तर पुढं तीन महिने तो उपयोगाचा नव्हता. म्हणून ती चार अनोळखी पत्रं त्रिशलाच्या छातीत काट्यासारखी रुतली.

तिनं तातडीनं मंडळाची बैठक बोलावली. दुपारी डॉ. उपाध्यांच्या दवाखान्यात पेशंट संपल्यावर पाच-सहा जण जमले. अध्यक्ष उपाध्ये आधीच घाबरलेले होते, कारण दोनच महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका जिल्ह्यात अशाच एका संस्थेच्या नावानं खोटी पत्रं गेली होती, रक्तदात्यांना एका लॉजवर बोलावून त्यांचं रक्त काढून विकलं गेलं होतं. त्यानंतर त्या संस्थेच्या खऱ्या पत्रालाही कुणी येईना. उपाध्ये म्हणाले, ताई, आपलं नाव नासलं तर आपण दुकान बंद करायचं. पाटीवर अजून ‘जाऊ दे’ लिहिलंय ते आजच्या आज काढा.

‘जाऊ दे’ इतकी वर्षं का होतं, यालाही कारण होतं. मंडळाच्या पहिल्या अध्यक्षांची एक पद्धत होती. सह्या केलेल्या कोऱ्या लेटरहेडांचा एकेक गठ्ठा ते प्रत्येक कार्यकर्त्याच्या घरी ठेवायचे. अवेळी नड पडली तर सहीसाठी अडायला नको. आपल्याकडच्या निम्म्या संस्था अशाच चालल्या आणि बऱ्या चालल्या, उगाच नाकं मुरडण्यात अर्थ नाही. पुढं कागद गेले, ईमेल आलं, पण सवय तीच राहिली. जो तो आपापल्या घरून, आपापल्या कॉम्प्युटरवरून मंडळाच्या नावानं पत्रं पाठवायचा. तीन वर्षांपूर्वी त्रिशलानं हा कारभार मोडला. किल्ली एकच, ठिकाण एकच, ते म्हणजे मिरजेचं कार्यालय. फक्त आज्ञा कडक करायची तेवढी राहून गेली होती.

बैठकीत तिनं सगळ्यांना विचारलं, अजून कुणी घरून पाठवतं का? मी रागावणार नाही, फक्त सांगा. एकेकानं नाही म्हणून मान हलवली. कोपऱ्यातल्या खुर्चीवर भूपालआण्णा चौगुले चष्मा पुसत बसले होते. मंडळ ज्यांनी उभं केलं, ज्यांनी चाळीस वर्षं लॅब टेक्निशियन म्हणून रक्ताच्या नळ्या हाताळल्या, ते हे आण्णा. त्रिशला कॉलेजात असताना शिबिरात तिची नळी पुन्हा पुन्हा तपासून, पोरी, तू ओ नाहीस, असं सांगणारेही तेच. आता ते नुसते सल्लागार होते. आण्णांनी मान हलवली नाही आणि काही बोललेही नाहीत. वडीलधाऱ्या माणसाला आपल्याकडं दोनदा विचारत नाहीत. त्रिशलानंही विचारलं नाही.

संध्याकाळी तिनं पाटीवर लिहिलं, परत लाव.

दुसऱ्या दिवसापासून अहवालांना वेगळाच रंग आला. त्या अनोळखी ठिकाणाहून पाच पत्रं आली, पाचही परत. नंतर सहा, सहाही परत. त्रिशलाच्या जिवात जीव आला. सुव्रताला फोन करून तिनं सांगितलं, आता निवांत झोप, चोराच्या तोंडावर दार आपटलंय. सुव्रता हसली आणि म्हणाली, तुझ्या चोराला माझा नमस्कार सांग, इतक्या लांबून माझ्यासाठी खपतोय बिचारा.

त्याच आठवड्यात रफीकच्या राखण्याकडून कार्यालयात विचारणा आली. मंडळाच्या नावानं मला रक्तासाठी बोलावणं आलंय, खरं आहे का? त्रिशलाच्या अंगावर काटा आला. बघा, चोर रफीकपर्यंत पोचलाच होता! तिनं मिनिटभरात मोहोर उठवून उत्तर धाडलं: ‘हे बोलावणं आमचं नाही. आपण राखीव आहात. कृपया कुठेही जाऊ नये.’ त्या उत्तराचा तिला केवढा अभिमान वाटला. नवऱ्याला तिनं ते दोनदा वाचून दाखवलं.

मात्र रोज अहवाल वाचणाऱ्या माणसाला एक खोड लागते. आकडे नुसते वाचून सोडवत नाहीत. हा कसला चोर, असं तिला वाटायला लागलं. चोर हजारांनी पत्रं पाठवतो, हा पाच-सहाच पाठवतो. चोर सापडेल त्याला पाठवतो, याची पत्रं नेमकी बॉम्बे गटाच्या माणसांकडंच जातात. आणि रोज जात नाहीत. मधेच चार-पाच दिवस गप्प, मग एकदम लागोपाठ.

गप्प राहायचे ते दिवस आणि पत्रांचे दिवस तिनं पंचाच्या निकालांशी लावून पाहिले. पंच म्हणजे मंडळाचं वाटपयंत्र. कुठल्या रुग्णाला कुठला रक्तदाता द्यायचा हे ते ठरवायचं. रुग्ण वाचण्याची शक्यता, पुढच्या काही आठवड्यांत कुणाला नड पडणार, कोण दाता कधी मोकळा होणार, हे सगळं जमेस धरून ते कुणाला हो म्हणायचं, कुणाला नाही. उगाच त्याला शिव्या देऊ नयेत. पंच आल्यापासून मंडळानं आधीपेक्षा जास्त माणसं वाचवली होती. पण ज्याला नाही मिळायचं, त्याच्या घरच्यांना हे सांगून काय उपयोग?

तर पंचानं ज्या ज्या दिवशी कुणाला नाही म्हटलं होतं, त्याच्या दुसऱ्या सकाळी ती पत्रं निघाली होती. एकदाही चुकलेलं नव्हतं. पंचाचा नकार फक्त तिघांना कळायचा. उपाध्यांना, त्रिशलाला आणि सल्लागारांना. ठिकाणाचा क्रमांक तिनं पहिल्या दिवशीच तपासला होता. तो शिरोळ तालुक्यातल्या, इंटरनेट देणाऱ्या एका केबलवाल्याचा होता, त्याच्यावर हजारो घरं. तालुका कळूनही तिनं पुढं पाहिलं नव्हतं, कारण त्या तालुक्यात कुरुंदवाड होतं आणि कुरुंदवाडात आण्णा राहत होते. खरं सांगायचं तर तिला ते केव्हाच कळलं होतं. कळून घ्यायचं नव्हतं, एवढंच.

सकाळच्या एसटीनं ती कुरुंदवाडला गेली.

आण्णा बाहेर पडायच्या बेतात होते. पायांत चपला, खांद्याला पिशवी. तिला पाहून थांबले, ये म्हणाले, पण बस म्हणाले नाहीत. ओटीवर जुना कॉम्प्युटर झाकून ठेवलेला होता.

त्रिशलानं आडून विचारलं नाही. पत्रं तुम्हीच पाठवता ना, आण्णा? आण्णा हो म्हणाले. इतक्या सरळ म्हणाले की तिनं मनात जुळवून आणलेलं सगळं भाषण फुकट गेलं. मग बैठकीत का बोलला नाहीत? तर म्हणाले, बोललो असतो तर तू बंद कर म्हणाली असतीस आणि मला तुझ्या तोंडावर नाही म्हणावं लागलं असतं. ते जमणारं नव्हतं.

मग त्यांनी निलव्वाचं सांगितलं. कागवाडची बाई, वय अठ्ठावन्न, घरोघरी भाकऱ्या करून देणारी. पोटात व्रण फुटून रक्त जात होतं, मिरजेला दवाखान्यात पडली होती. यकृतही धड नव्हतं म्हणून पंचानं तिची आशा कमी धरली आणि नाही म्हटलं. दोन बाटल्या मिळाल्या तर डॉक्टर व्रण शिवायला तयार होते.

“आशा कमी म्हणतो तुझा पंच,” आण्णा म्हणाले. “कमी म्हणजे नाही न्हवं. माझ्या नोकरीत मी कमीवाली कैक माणसं चालत घरी जाताना बघितलीत.”

पत्रं परत यायला लागल्यावर ते घरोघर हिंडले होते. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, एसटीनं. ओळखीचे दातेही दारात उभं करून म्हणायचे, आण्णा, तुमच्यावर अविश्वास नाही, पण पत्र पाहिजे. लॉजच्या प्रकरणानंतर सगळ्यांच्या घरच्यांनी तशी शपथ घातली होती. इचलकरंजीला रफीक तर चपला घालून निघाला होता. बायकोनं म्हटलं, एकदा कार्यालयाला विचारा.

“तुझं उत्तर त्यानं मला वाचून दाखवलं,” आण्णा म्हणाले. “हे बोलावणं आमचं नाही म्हणून. बरोबरच लिहिलंस तू. मी फक्त म्हटलं, या मंडळाचं नाव मी ठेवलं होतं.”

 पण त्रिशलाच्या डोळ्यांपुढं दुसरंच आलं. रफीक. आण्णा रफीकला न्यायला गेले होते! तिचा तोल गेला. ती म्हणाली, सुव्रताचं काय? तुम्ही तिला अंगाखांद्यावर खेळवलंत आणि तिचाच माणूस ओढून न्यायला निघालात? आण्णा म्हणाले, दोन आठवडे आहेत अजून, तोवर मी कुणालातरी उभा केला असता. तुझं रक्त मागितलं नाही ते त्यासाठीच, सुव्रताला एकजण तरी राहावं म्हणून. आणि आता रफीकचा विषय संपला, मी चिकोडीला चाललोय. तिथं बाळप्पा म्हणून जुना रक्तदाता आहे, वय चौसष्ट. साठीला यंत्रानं त्याचं नाव नोंदणीतून काढलं, पण कायद्यानं पासष्टपर्यंत चालतं, डॉक्टरांना विचारलंय. ठणठणीत आहे. त्याच्याकडं पत्रबित्र लागत नाही, मला बघून येईल तो.

इथं त्रिशलानं गप्प बसायला हवं होतं. बाळप्पा कुणासाठीच राखीव नव्हता, सुव्रताचं त्यात काही जात नव्हतं. पण माणूस घाबरला की रागावतो, आणि रागावला की हाताला लागेल ते फेकतो. तिच्या हाताला मागची दिवाळी लागली.

मागच्या दिवाळीत सांगलीचा एक तरुण मोटारसायकलवरून पडला होता. पंचानं रफीकला बोलावलं होतं. रफीककडून ‘उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर आलं, कारण दिलेलं नव्हतं. तो मुलगा गेला होता. काल रात्री जुने अहवाल चाळताना त्रिशलाला दिसलं होतं, की त्याआधी पंधरा दिवस त्याच अनोळखी ठिकाणाहून रफीकला एक पत्र गेलं होतं आणि तेव्हा ‘जाऊ दे’ असल्यामुळं ते पोचलंही होतं.

“दिवाळीतला तो सांगलीचा पोरगा आठवतो का?” ती म्हणाली. “रफीकचं रक्त तुम्ही आधीच नेलं होतं म्हणून तो गेला. पंचानं त्याच्यासाठी जपून ठेवलेलं तुम्ही वाटून टाकलंत. आण्णा, समोरचा माणूस तुम्हाला दिसतो. मागचा दिसत नाही.”

अहवालात फक्त पत्र गेल्याचं होतं. रफीक गेला, रक्त दिलं, असं कुठंच नव्हतं. मधली जागा तिनं स्वतःच भरली होती, आणि अशी ठासून बोलली जणू डोळ्यांनी पाहिलं होतं.

आण्णांनी तिच्याकडं बघितलं. त्यांना वाद घालता आला असता, त्या वेळी रफीक आला होता का नव्हता हे आठवून पाहता आलं असतं. पण इतक्या वर्षांत इतक्या माणसांना बोलावलेलं. कोण आलं, कोण नाही, हे एकोणऐंशीव्या वर्षी एका क्षणात कुठून आठवणार? आणि सांगणारी त्रिशला होती, जिचा आकडा कधी चुकत नाही असं ते स्वतः चारचौघांत सांगायचे. त्यांनी खांद्यावरची पिशवी काढली. चपला काढल्या. ओटीवर भिंतीला टेकून बसले. त्यानंतर ती काय काय बोलली त्याला त्यांनी फक्त, बरं, बरं, एवढंच म्हटलं.

परतीच्या गाडीत त्रिशलाला वाटलं, आपण जरा जास्तच बोललो. मग वाटलं, पण खोटं काय बोललो?

दुसऱ्या दिवशीचा अहवाल स्वच्छ होता. त्याच्या पुढचाही. कुरुंदवाडहून एकही पत्र नाही. उपाध्यांनी मंडळाच्या गटावर तिचं जाहीर कौतुक केलं, मंडळाचं नाव आता बावनकशी झालं म्हणाले. चौथ्या दिवशी पंचाच्या यादीतून निलव्वाचं नाव गळालं. पुढं कारण होतं, रुग्ण दगावला. त्रिशलानं ते वाचलं, कॉम्प्युटर बंद केला आणि त्या दिवशी ती जेवली नाही. नवऱ्यानं विचारलं तर म्हणाली, पित्त झालंय. आण्णा चिकोडीला गेले असतील, बाळप्पा आला नसेल, किंवा येऊनही उपयोग झाला नसेल, असं ती स्वतःला सांगत राहिली. कुरुंदवाडला फोन करून विचारायचं धाडस मात्र तिला झालं नाही.

सुव्रताचं सिझेरियन ठरल्या दिवशी सांगलीला झालं. आदल्या दिवशी त्रिशलानं आणि रफीकनं एकेक बाटली दिली होती. ऑपरेशन सुरू असताना दोघं बाहेर बाकावर बसले होते. तास-दीड तासानं डॉक्टर आल्या आणि हसत म्हणाल्या, मुलगी झाली. वार अलगद सुटली, रक्त चढवावंच लागलं नाही. दोन्ही बाटल्या तशाच आहेत, ठेवून देऊ, कुणाच्या तरी कामी येतील.

कुणाच्या तरी, हे दोन शब्द त्रिशलाला लागले. पण आनंद मोठा होता. आईनं देवाला हात जोडले, मेहुण्यानं पेढे आणले, त्रिशला रडली आणि सगळ्यांना वाटलं ती आनंदानं रडते आहे. थोडी होतीही.

निघताना तिनं रफीकला खाली चहाला नेलं. किती वेळा तुमचे आभार मानू, असं काहीतरी ती म्हणत होती. रफीक ओशाळला. म्हणाला, ताई, आभार कशाचे? तुमच्या बहिणीला उपयोगी पडलो तेवढंच बरं वाटलं. मागच्या दिवाळीत मात्र फार वाईट झालं. सांगलीच्या त्या पोरासाठी तुमचं बोलावणं आलं आणि मला जाता आलं नाही. डेंग्यूनं आडवा पडलो होतो मी. दसऱ्यापासून पार दिवाळी होईपर्यंत. बायकोनंच ‘उपलब्ध नाही’ कळवलं. अजून डोक्यातून जात नाही ते.

त्रिशलानं कप खाली ठेवला. तिनं विचारलं, त्याआधी आण्णांचं पत्र आलं होतं ना तुम्हाला? दसऱ्याच्या सुमारास?

“आलं होतं की,” रफीक म्हणाला. “त्यांनाही नाहीच म्हणालो. तापच होता. आण्णा स्वतः बघायला आले मग, डाळिंबं घेऊन.”

तिथून घरी न जाता ती थेट कुरुंदवाडला गेली. वाटेत तिनं मनाशी ठरवलं. जे आहे ते सगळं सांगायचं, काही राखून ठेवायचं नाही. पाया पडायचं. पाटीवर आण्णांचं ठिकाण घालायचं, किल्ली त्यांच्या हातात द्यायची, उपाध्ये काय म्हणायचं ते म्हणू देत. तिला वाटत होतं, आण्णा चिडतील. चिडावं त्यांनी, चार शब्द सुनवावेत, म्हणजे आपल्याला उभं तरी राहता येईल.

आण्णा ओटीवरच होते. दोन आठवड्यांत वाळल्यासारखे झाले होते. तिला बघून म्हणाले, ये गं, बस. सुव्रताचं काय झालं? मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, असं तिनं सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला. रक्त लागलं का, विचारलं. नाही लागलं, ती म्हणाली. आण्णा म्हणाले, छान, छान झालं.

ती त्यांच्या पायाशी खाली बसली.

“आण्णा, तो पोरगा तुमच्यामुळं गेला नाही. रफीक आजारी होता. तुमच्या पत्रावर तो आलाच नव्हता. तुम्ही त्याला डाळिंबं घेऊन बघायला गेला होतात. मी अहवालात पत्र बघितलं आणि बाकीचं माझ्या मनानंच जोडलं. मी खोटं बोलले तुमच्याशी.”

आण्णांना आधी ते नीट समजलं नसावं. तिनं पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक गोष्ट. डाळिंबं म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. हो, डाळिंबं नेली होती खरी, आठवलं, म्हणाले. मग ते रस्त्याकडं बघू लागले. समोरून चिकोडीची गाडी धुरळा उडवत गेली. त्रिशला त्यांच्या रागाची वाट बघत होती.

ते रागावले नाहीत. तिच्याकडं वळले आणि लहान मुलानं विचारावं तसं, खरोखरच उत्तर हवं असल्यासारखं त्यांनी विचारलं,

“मग मी त्या दिवशी चिकोडीला का गेलो नाही गं?”